अनधिकृत फलकांविरुद्ध तक्रार: फ्लेक्स उतरवण्याआधी त्याची नोंद कशी करून घ्यावी

चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, सिग्नलचा दिवा त्यामागे झाकला जातो, कोणीतरी महापालिकेच्या ॲपवर ‘कृपया काढावा’ एवढीच तक्रार नोंदवतो, दोन दिवसांनी गाडी येते, कर्मचारी दोऱ्या कापून कापड गुंडाळून नेतात आणि तक्रार ‘निकाली’ निघते. पुढच्या आठवड्यात त्याच खांबावर दुसऱ्या भाऊंचा फ्लेक्स असतो. या सगळ्या व्यवहारात महापालिकेचे मनुष्यबळ खर्ची पडते, तक्रारदाराचे तात्पुरते समाधान होते आणि फलक लावणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याही कागदावर येत नाही. त्याच्या दृष्टीने फ्लेक्सचा खर्च आधीच वसूल झालेला असतो, कारण वाढदिवस एकच दिवसाचा होता.

म्हणून या मार्गदर्शनाचा भर फलक लवकर कसा काढून घ्यावा यावर नाही. फलक उतरण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी, ती योग्य कार्यालयात व्हावी, ज्याच्या फायद्यासाठी फलक लागला त्याच्या नावाने व्हावी, आणि काढण्याचा खर्च व दंड त्याच्याकडून मागितला जावा, यासाठी सामान्य नागरिकाला काय करता येते ते येथे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे महाराष्ट्रातील महानगरपालिकांची आहेत. गोव्यात यासाठी 1988 चा स्वतंत्र विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे. पुरावा गोळा करण्याची पद्धत मात्र तेथेही तीच राहील.

फलक अनधिकृत आहे हे आधी ठरवावे

रस्त्यावरून दिसेल अशा रीतीने जाहिरात लावायची असेल, तर महानगरपालिका आयुक्तांची लेखी परवानगी लागते. मुंबईत ही तरतूद मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 मधील कलम 328 व 328-अ यांत आहे. पुणे, ठाणे, नाशिक यांसारख्या शहरांत ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मधील कलम 244 व 245 यांत आहे. कलम 244 हे ‘आकाशचिन्हां’विषयी (इंग्रजीत ‘स्काय साइन’, म्हणजे उंचावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या जाहिराती) आहे आणि म्हणूनच पुण्यात या खात्याचे नाव आजही ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ असे आहे. ‘बॅनर विभाग’ शोधत महापालिकेत फिरणाऱ्या माणसाला ते सापडत नाही यात नवल नाही. मुंबईत हेच काम अनुज्ञापन खात्याकडे असते.

या नियमाला काही अपवाद आहेत आणि तक्रार करण्यापूर्वी ते माहीत असलेले बरे. दुकानाच्या इमारतीवर त्याच दुकानाच्या व्यवसायाची पाटी, घर विकण्याची किंवा भाड्याने देण्याची त्याच घरावरची सूचना, एखाद्या सभागृहाच्या आवारात तेथेच होणाऱ्या कार्यक्रमाचा फलक, अशा गोष्टी सर्वसाधारणपणे अपवादात येतात. सण-उत्सवाच्या काळात मंडळांना मंडप व कमानींसाठी तात्पुरती परवानगी दिली जाते, त्यामुळे गणपतीच्या दिवसांत दिसणारी प्रत्येक कमान बेकायदा असते असे गृहीत धरू नये. याउलट, ‘भिंत माझी आहे, मी लावू दिले’ हा घरमालकाचा युक्तिवाद पुरेसा नसतो. जागामालकाची संमती आणि महापालिकेची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीसाठी दोन्ही लागतात.

परवानगी असलेल्या तात्पुरत्या फलकावर परवानगीचा क्रमांक आणि मुदत छापलेली असावी अशी अट अनेक महापालिका घालतात. काही ठिकाणी क्यूआर कोडही असतो. हा मजकूर बहुधा खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो. तो नसेल तर फलक अनधिकृत असण्याची शक्यता मोठी आहे. तो असेल तर मुदत संपली आहे का ते पाहावे, कारण परवानगी घेऊन लावलेला आणि मुदतीनंतर महिनाभर लटकत राहिलेला फलक हाही तक्रारीचाच विषय आहे. कापडाची जाडीही दुर्लक्षित करू नये: 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसीच्या बॅनरवर देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. जाडी रस्त्यावर उभे राहून मोजता येत नाही हे खरे, पण ती तपासण्याची मागणी अर्जात करता येते.

परवानगीच्या प्रश्नाखेरीज दुसरा कायदा आहे तो महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, 1995. सार्वजनिक दृष्टिपथात येणारी जागा अनधिकृतपणे विद्रूप केल्यास त्याच्या कलम 3 नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दोन हजार ही रक्कम आजच्या काळात हास्यास्पद वाटेल, पण या कायद्याचे बळ रकमेत नाही. फलक ज्याच्या लाभासाठी लागला, ती व्यक्ती किंवा ती संस्था व तिचे पदाधिकारी हेही दोषी मानले जातात. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपली संमती नव्हती हे त्यांनाच सिद्ध करावे लागते. ‘कार्यकर्त्यांनी प्रेमापोटी लावला, मला ठाऊकच नाही’ या नेहमीच्या उत्तराला कायद्याने आधीच उत्तर देऊन ठेवले आहे, आणि पोलीस ठाण्यात जाताना ही तरतूद तक्रारदाराला पाठ असली पाहिजे.

जागा कोणाची, त्यावर तक्रार कोणाकडे हे ठरते

तक्रारी फुकट जाण्याचे सर्वांत मोठे कारण हे की त्या चुकीच्या दारावर दिल्या जातात. एकाच चौकात पाच मालक असू शकतात. पदपथ, पथदिव्याचा खांब, दुभाजक आणि बसथांब्याची भिंत ही महापालिकेची किंवा तिच्या परिवहन उपक्रमाची. विजेचा डीपी आणि मोठे खांब बहुतेक महाराष्ट्रात महावितरणचे, मुंबई शहरात बेस्टचे. मेट्रोचे खांब मेट्रो महामंडळाचे. उड्डाणपूल आणि राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा ज्या यंत्रणेने बांधले तिचे. राष्ट्रीय महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. आणि रुळांलगतची जमीन रेल्वेची. जाहिरातीचे नियमन महापालिकेने करायचे असले, तरी मालमत्तेला झालेल्या इजेची तक्रार मालकाने करणे अधिक परिणामकारक ठरते. म्हणून अर्ज महापालिकेच्या विभागीय किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या नावाने करून त्याची प्रत जागामालक यंत्रणेला द्यावी. नगरपालिकेच्या हद्दीत मुख्याधिकाऱ्यांना आणि गावात ग्रामपंचायतीला लिहावे.

जागेचा हा प्रश्न केवळ कागदी नाही. 13 मे 2024 रोजी वादळी वाऱ्यात मुंबईत घाटकोपरच्या छेडानगर येथे पेट्रोल पंपावर कोसळून 17 जणांचा बळी घेणारे होर्डिंग सुमारे 120 बाय 120 फुटांचे होते, तर मुंबई महापालिका जास्तीत जास्त 40 बाय 40 फुटांना परवानगी देते. ते लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जागेवर उभे होते आणि महापालिकेची परवानगी त्याला नव्हती. रोज त्याखालून जाणाऱ्या हजारो लोकांपैकी कोणालाही ‘हे कोणाच्या अखत्यारीत आहे’ असा प्रश्न पडला असता, तर त्याचे उत्तर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवणारेच मिळाले असते. असे उत्तर मिळाले तर ते तोंडी न ठेवता लेखी घ्यावे.

पुरावा: फलक स्वतःच साक्षीदार आहे

चोर आपले नाव, छायाचित्र आणि मोबाइल क्रमांक घटनास्थळी सोडून जातो असे गुन्हे फार थोडे असतात. अनधिकृत फलकबाजी हा त्यांपैकी एक आहे. फलकावर ज्याचा गौरव आहे त्याचे नाव आणि पद, शुभेच्छुकांची यादी, मंडळाचे किंवा क्लासचे नाव, संपर्क क्रमांक आणि पुष्कळदा छपाई करणाऱ्या फ्लेक्सवाल्याचे नावही असते. हे सर्व फलकाबरोबर कचऱ्याच्या गाडीत जाण्याआधी टिपून घेणे हेच नागरिकाचे मुख्य काम.

किमान चार छायाचित्रे घ्यावीत. पहिले दुरून, ज्यात ओळखीची एखादी खूण येईल: दुकानाची पाटी, बसथांब्याचे नाव, रस्त्याची निळी पाटी. दुसरे समोरून, संपूर्ण मजकूर वाचता येईल असे. तिसरे खालच्या पट्टीचे, म्हणजे शुभेच्छुकांची नावे, क्रमांक, परवानगीचा उल्लेख किंवा त्याचा अभाव स्पष्ट दिसेल असे. चौथे फलक कशाला बांधला आहे त्याचे: झाडाला खिळे ठोकले आहेत का, पेव्हर ब्लॉक उखडून बांबू रोवला आहे का, सिग्नल किंवा दिशादर्शक झाकला गेला आहे का. तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छायाचित्रावरच उमटवणारी जीपीएस कॅमेऱ्याची ॲप्स मोफत मिळतात. ती वापरावीत, पण मूळ छायाचित्रही जपून ठेवावे, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीतून मूळ फाइलमधली तारखेची व जागेची माहिती गळून जाते. आकार अंदाजाने लिहिला तरी चालतो. दोन खांबांमधले अंतर पावलांनी मोजले तर अंदाज बऱ्यापैकी जमतो.

फलक एकापेक्षा अधिक असतील, आणि ते बहुधा असतातच, तर एक साधी यादी करावी: अनुक्रमांक, ठिकाण, लाभार्थीचे नाव, तारीख, वेळ, कशावर लावला आहे. एका रविवारी सकाळी दोन जणांनी दोन किलोमीटरचा एक रस्ता चालून केलेली अशी यादी ही वर्षभराच्या सुट्या तक्रारींपेक्षा भारी पडते, कारण त्यात तेच नाव वारंवार येत असल्याचे दिसते आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय कार्यालयाकडे राहत नाही.

या टप्प्यावर एक मोह टाळावा. फलक स्वतः फाडू नये, दोऱ्या कापू नयेत, त्यावर काळे फासू नये. त्यात विजेच्या खांबाचा धोका आहे, भांडणाचा आहे, आणि तुमच्याविरुद्धच तक्रार होण्याचाही आहे. शिवाय पुष्कळ फलकांवर वरच्या बाजूला महापुरुषांची किंवा देवादिकांची चित्रे लावलेली असतात. त्यामागे आदर किती आणि ढाल म्हणून केलेला वापर किती हे ज्याचे त्याने ठरवावे. पण असा फलक एखाद्या नागरिकाने फाडला तर मूळ मुद्दा बाजूला पडून भलताच वाद उभा राहतो. तो महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी, गरज असल्यास पोलिसांसमक्ष, रीतसर उतरवणेच योग्य.

तक्रार अर्ज

ॲप किंवा हेल्पलाइन ही पहिली पायरी म्हणून चांगली आहे. मुंबईत 1916 हा क्रमांक आहे आणि बहुतेक महापालिकांची स्वतःची तक्रार ॲप्स आहेत. तेथे मिळणारा तक्रार क्रमांक जपावा. मात्र ॲपवरची तक्रार ‘फलक काढला’ असे लिहून बंद करता येते, आणि आपल्याला तर त्यापुढचे हवे आहे. त्यामुळे दखल घेण्याजोग्या प्रत्येक प्रकरणात कागदी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि तीच प्रत ईमेलनेही पाठवावी. अर्जाचा मजकूर पुढीलप्रमाणे असू शकतो:

‘विषय: अनधिकृत जाहिरात फलकांबाबत नोंद, दंड व गुन्हा दाखल करणेबाबत. महोदय, सोबत जोडलेल्या यादीतील सात फलक दिनांक अमुक रोजी सकाळी 8 ते 9 या वेळेत अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्यावर आढळले. त्यांवर परवानगी क्रमांक किंवा मुदत नमूद नाही. फलक क्रमांक 2 मुळे वाहतूक सिग्नल झाकला गेला आहे. फलक क्रमांक 5 झाडास खिळे ठोकून लावला आहे. तरी (1) या फलकांना आपल्या कार्यालयाने परवानगी दिली आहे काय, ते कळवावे. (2) परवानगी नसल्यास फलक उतरवण्यापूर्वी छायाचित्रांसह पंचनामा करावा. (3) फलकावर नमूद लाभार्थी व मुद्रक यांना नोटीस देऊन दंड व काढण्याचा खर्च वसूल करावा. (4) 1995 च्या विद्रूपण प्रतिबंध अधिनियमानुसार पोलिसांत फिर्याद द्यावी. (5) केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी.’

या अर्जातील दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पंचनामा न करता फलक उतरवला की पुरावा महापालिकेच्याच गोदामात कुजतो आणि पुढे ‘फलक कोणी लावला याचा बोध होत नाही’ असा शेरा लिहिण्याची वाट मोकळी होते. भाषा कोरडी ठेवावी. पक्षाचे नाव घेऊन टीका, ‘या लोकांची मुजोरी’ अशी विशेषणे किंवा शहराच्या अधःपतनावरचे परिच्छेद यांनी अर्जाचे वजन कमी होते आणि तक्रारदार दुसऱ्या पक्षाचा आहे असे म्हणायला जागा मिळते.

नावाचा प्रश्न उरतो. लहान वस्तीत तक्रारदाराचे नाव फलकवाल्यापर्यंत पोहोचायला फारसा वेळ लागत नाही, ही भीती निराधार नाही. त्यावर व्यवहार्य उपाय म्हणजे अर्ज गृहनिर्माण संस्थेच्या किंवा रहिवासी संघाच्या लेटरहेडवर, पाच-दहा सह्यांनिशी देणे. एकट्याला दम देणे सोपे असते. त्याच फलकात ज्यांची मते मागायची आहेत अशा चाळीस घरांना दम देणे तितके सोपे नसते.

न्यायालयाचा आधार

साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने केलेल्या जनहित याचिकेत (क्रमांक 155, वर्ष 2011) मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 रोजी सविस्तर निकाल दिला. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाच्या या निकालाने राज्यभरातील महापालिका व नगरपालिकांना अनधिकृत फलकांविरुद्ध जबाबदार अधिकारी नेमणे, नागरिकांना तक्रार करता येईल अशी व्यवस्था उभी करणे, गुन्हे दाखल करणे आणि कारवाई करणाऱ्या कर्मचाऱ्यांना पोलीस संरक्षण पुरवणे यांविषयी निर्देश दिले. राजकीय पक्षांनीही अनधिकृत फलक लावणार नाही अशा हमी न्यायालयाला दिल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत म्हणून अवमानाची कारवाई का करू नये, अशा नोटिसा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्षांना काढल्या. सात वर्षांत परिस्थिती किती सुधारली याचे याहून बोलके मोजमाप नाही.

नागरिकाला या निकालाचा उपयोग एका ओळीपुरता आहे, पण ती ओळ कामाची आहे. अर्जाच्या शेवटी ‘जनहित याचिका 155/2011 मधील मा. उच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार आपल्या विभागासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव व पदनाम कळवावे’ असे लिहावे. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्या माणसाचे पदनाम एकदा कागदावर आले की पुढची पत्रे ‘संबंधित विभाग’ नावाच्या पोकळीत न जाता त्याच्या टेबलावर जातात.

पाठपुरावा आणि माहिती अधिकार

पंधरा दिवस उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्यावे. त्यानंतरही शांतता असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करावा. महाराष्ट्रात त्यासाठी 10 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प पुरते, ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे, आणि राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर व 150 शब्दांच्या आत असावा लागतो. या मर्यादेत मोजकेच पण नेमके मागावे: माझ्या आवक क्रमांक अमुकच्या अर्जावरील टिपणी व शेरे यांच्या प्रती, गेल्या सहा महिन्यांत या क्षेत्रीय कार्यालयाने तात्पुरत्या फलकांना दिलेल्या परवानग्यांची यादी, त्याच काळात काढलेल्या अनधिकृत फलकांची नोंदवही, वसूल केलेल्या दंडाच्या पावत्या, आणि पोलिसांत दिलेल्या फिर्यादींच्या प्रती. ‘कारवाई का केली नाही’ असा प्रश्न विचारू नये. माहिती अधिकारात कार्यालयापाशी असलेला कागद मागता येतो, खुलासा मागता येत नाही.

या पाच कागदांपैकी परवानग्यांची यादी सर्वांत बोलकी असते. ती आणि आपली रविवारची यादी शेजारी ठेवली की किती फलक परवानगीने लागतात आणि किती विनापरवाना, ते कोणत्याही भाष्याशिवाय समोर येते. दंडाच्या पावत्यांचा रकाना पुष्कळदा कोराच असतो, आणि तो कोरा असणे हीच लोकशाही दिनात (अधिकाऱ्यांनी नागरिकांच्या तक्रारी समक्ष ऐकण्याचा ठरलेला दिवस) किंवा स्थानिक वर्तमानपत्रात मांडण्याजोगी बाब असते. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. उत्तर न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास पुढील 30 दिवसांत 20 रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

महापालिका स्तरावरचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. तेथे आयुक्त किंवा वरिष्ठ अधिकारी समोर असल्याने खालच्या कार्यालयाला काहीतरी लिहून आणावेच लागते. ‘आपले सरकार’ पोर्टलवरची तक्रारही चालते, पण ती बहुधा फिरून त्याच क्षेत्रीय कार्यालयात येते. तिचा उपयोग तारखांची साखळी तयार होण्यापुरता धरावा.

उत्तर आले तर ते जागेवर जाऊन तपासावे. आमच्या भागातील एका तक्रारीच्या उत्तरात ‘कारवाईनंतरचे छायाचित्र’ म्हणून जोडलेला मोकळा खांब भलत्याच रस्त्यावरचा होता. मागच्या दुकानाची पाटी वाचल्यावर ते लक्षात आले. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे कापड जाते आणि सांगाडा राहतो. लोखंडी चौकट, बांबू आणि झाडात रुतलेल्या दोऱ्या जागेवर असतील तर तक्रार निकाली निघालेली नाही असे लेखी कळवावे, कारण उभा सांगाडा हे पुढच्या फलकाचे आरक्षण असते.

पोलीस ठाण्यात केव्हा जावे

फलकामुळे प्रत्यक्ष धोका किंवा अडथळा होत असेल, उदाहरणार्थ वळणावर समोरचे दिसत नसेल, पदपथ अडून माणसांना रस्त्यावर उतरावे लागत असेल किंवा कमान एका बाजूला झुकली असेल, तर महापालिकेच्या उत्तराची वाट पाहू नये. तातडीचा प्रसंग असल्यास 112 वर कळवावे आणि वाहतूक शाखेलाही सांगावे. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडाला पात्र गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात ‘महापालिकेने फिर्याद द्यावी’ असे सांगितले जाण्याची शक्यता बरीच असते; अशा वेळी वाद न घालता आपला अर्ज आवक करून घ्यावा आणि त्याची प्रत जोडून महापालिकेला फिर्याद देण्याविषयी पुन्हा लिहावे.

मोठ्या लोखंडी होर्डिंगच्या बाबतीत आणखी काळजी हवी. पिंपरी-चिंचवडमध्ये रावेत-किवळे परिसरात 17 एप्रिल 2023 रोजी वाऱ्यापावसात आडोशाला थांबलेल्या लोकांवर होर्डिंग कोसळले आणि पाच जण दगावले. त्याआधी 5 ऑक्टोबर 2018 रोजी पुण्याच्या जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेवरील होर्डिंगचा सांगाडा उतरवण्याचे काम चालू असतानाच तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला आणि चौघांचा मृत्यू झाला. म्हणजे धोका होर्डिंग उभे असण्यात आहे तितकाच ते निष्काळजीपणे काढण्यातही आहे. अशा तक्रारीत संरचनात्मक स्थैर्य प्रमाणपत्राची प्रत मागावी, पायाजवळचा गंज, भेगा किंवा सैल बोल्ट यांची छायाचित्रे जोडावीत, आणि काढण्याचे काम रहदारी थांबवून व्हावे अशी स्पष्ट मागणी करावी.

निवडणुकीच्या दिवसांत

आचारसंहिता लागू झाली की एरवी महिनोन्महिने न हलणारी यंत्रणा अचानक चपळ होते. निवडणूक जाहीर झाल्यापासून शासकीय मालमत्तेवरील प्रचारसाहित्य 24 तासांत, इतर सार्वजनिक जागांवरील 48 तासांत आणि खासगी जागांवरील अनधिकृत साहित्य 72 तासांत काढायचे असते. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकीत भारत निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर छायाचित्र टाकल्यास 100 मिनिटांत कार्यवाहीची व्यवस्था आहे. प्रचाराच्या पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते नसतील, तर तो लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 127-अ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. महापालिका व नगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे त्या काळातील तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यावी.

भिंतीवरची लहान पोस्टरे आणि झाडांवरचे खिळे

‘घरबसल्या कमवा’, ‘तीन दिवसांत मूळव्याध बरी’, शिकवणी, ढेकणांचा बंदोबस्त, वशीकरणवाले बाबा: या कागदांचा आकार लहान असला तरी संख्या मोठी असते आणि त्यांच्यावर नावाऐवजी फक्त मोबाइल क्रमांक असतो. येथे क्रमांकच ओळख आहे. एकच क्रमांक किती ठिकाणी सापडला याची यादी करून ती महापालिका व पोलीस दोघांनाही द्यावी. त्या क्रमांकावर स्वतः फोन करून धाकदपटशा करू नये. त्यातून फक्त आपला क्रमांक त्यांच्याकडे जातो.

जुने कागद काढण्याचे काम रहिवाशांना स्वतः करता येते, मात्र जागामालक यंत्रणेला आधी कळवून. खळीने चिकटवलेला कागद कोमट पाण्याने भिजवून दहा-पंधरा मिनिटांनी रंगाऱ्याच्या पत्र्याने खरवडला की निघतो. स्टिकर मात्र कोरडाच, कडेने सावकाश सोलावा लागतो. विजेच्या डीपीला आणि फीडर पेटीला पाणी तर नाहीच, हातही लावू नये. त्यासाठी वीज कंपनीलाच लिहावे. साफ केलेली भिंत लगेच रंगवून घेतल्यास आणि तिचा पृष्ठभाग खडबडीत ठेवल्यास कागद नीट चिकटत नाही. भिंतीवर देवांच्या फरश्या बसवण्याचा लोकप्रिय उपाय मला पटत नाही, कारण त्याने जाहिरात शेजारच्या भिंतीवर सरकते आणि फरशी फुटली की नवा प्रश्न तयार होतो.

झाडाला खिळे ठोकून लावलेल्या पाटीची तक्रार वृक्ष प्राधिकरणाकडेही करावी. शहरांतील झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम आहे आणि उद्यान विभागाचे अधिकारी त्याखाली दखल घेऊ शकतात. खिळेमुक्त झाडांच्या मोहिमा पुण्यासह अनेक शहरांत झाल्या आहेत. त्यांत सामील व्हायचे असेल तर पक्कड आणि जाड हातमोजे एवढे साहित्य पुरते. खिळा सरळ ओढावा, सालीत खोलवर रुतून बुजलेला खिळा कोरून काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि काढलेल्या खिळ्यांची मोजदाद झाडानुसार लिहून तीच यादी उद्यान विभागाच्या अर्जाला जोडावी.

आपल्या सोसायटीची भिंत

शेवटी घरचाच प्रश्न. पुष्कळ सोसायट्या शेजारच्या मंडळाशी संबंध बिघडू नयेत म्हणून कुंपणाच्या भिंतीवर फलक लावू देतात आणि त्याच वेळी चौकातल्या फलकाबद्दल तक्रार करतात. असा अर्ज पहिल्याच भेटीत उघडा पडतो. म्हणून व्यवस्थापन समितीने ठराव करावा की कुंपणावर व प्रवेशद्वारावर महापालिकेच्या परवानगीची प्रत दाखवल्याशिवाय कोणताही फलक, अगदी सदस्याच्या वाढदिवसाचासुद्धा, लावू दिला जाणार नाही. ठरावाची प्रत सुरक्षारक्षकाच्या चौकीत ठेवावी. रात्री साडेअकराला शिडी घेऊन आलेल्या पोरांशी वाद घालण्यापेक्षा ‘साहेब, कागद दाखवा, मला सही करून ठेवावी लागते’ एवढे म्हणणे त्याला सोपे जाते, आणि शिडी बहुधा पुढच्या खांबाकडे जाते. तेथे कोणता फलक लागला हे रक्षकाने सकाळी आपल्या वहीत लिहून ठेवले, तर पुढच्या रविवारच्या यादीची पहिली नोंद आयतीच मिळते.